काळ्या कडेला टेकलेला कान

मित्रांनो, माझ्या चारही कडांवर कानशीचे ओरखडे आहेत. फोटो मोठा करायच्या यंत्रात फिल्म सपाट धरून ठेवणारी मी एक लोखंडी चौकट. वय बरेच झाले आहे.

कारखान्यात मला घडवताना माझी खिडकी फिल्मवरच्या चित्राहून किंचित लहान ठेवली होती. त्यामुळे फोटोची कड स्वच्छ येई. नारीन गावातल्या स्टुडिओत फोटोग्राफर सायकालने माझ्यातून कितीतरी लग्ने आणि बारशी कागदावर उतरवली. लोक म्हणत, “काय नीटस फोटो आहे!” मी सुखावून जाई.

एका वसंतात म्हातारे जोलचू आबा सुनेला घेऊन आले. उन्हाळी कुरणावर सायकालने त्यांचा घोड्यासोबत फोटो काढला होता. तो घोडा, तोरू, हिवाळ्यात गेला. दुसरा फोटो नव्हता.

सायकालने माझ्यातून उतरवलेला फोटो आबांनी हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. “पोरी, माझ्या तोरूचा कान कुणी कापला गं? खुणेसाठी कान मेंढरांचे कापतात, घोड्याचे नाही!”

सायकालने फिल्म उजेडात धरली. कान शाबूत होता, पण अगदी काठावर, माझ्या कडेखाली झाकला गेलेला. तिने कानस घेतली आणि माझी खिडकी घासून मोठी केली. मला फार लागले. पण तोरूचा कान टोकापर्यंत उमटला. फिल्मच्या कोऱ्या काठातूनही उजेड गेला आणि उजेड पडेल तिथे फोटोचा कागद काळा होतो, त्यामुळे फोटोभोवती एक वेडीवाकडी काळी रेघ आली.

ती पाहताच सून बुरुल दचकली. “अगं बाई! गेलेल्या माणसाच्या फोटोला असते तशी काळी चौकट? आबा धडधाकट बसलेत समोर! लोक समाचाराला येतील दारात. तेवढं काळं कापून टाक.”

“कान काळ्याला टेकलाय,” सायकाल म्हणाली. “कापताना केसभर जरी आत गेले, तर टोक जाणार. तुम्हीच सांगा.”

आबांनी फोटोतल्या कानावरून अंगठा फिरवला.

“राहू दे काळं,” ते म्हणाले. “ते माझ्यासाठी नाही, तोरूसाठी आहे. माणूस गेला की आपण काळं घालतो. त्याने मला बर्फातून कितीदा घरी आणलं, त्याच्यासाठी कुणी घातलं?”

बुरुलने डोळे पुसले. “मग आतल्या खोलीत नको, आल्यागेल्याला दिसेल असा लावू,” ती म्हणाली. “आणि कुणी समाचाराला आलंच, तर तुम्हीच चहा पाजा, आबा!”

आबा खो खो हसले.

आता लोक फोनवरच फोटो पाहतात. मी बहुतेक वेळ कपाटात असते. अधूनमधून सायकाल मला मऊ फडक्याने पुसते, म्हणून गंज चढलेला नाही. मित्रांनो, फोटो सुबक दिसावा म्हणून कड कापायला हरकत नाही. फक्त कात्री चालवण्याआधी त्या कडेला कोण उभे आहे, ते एकदा नीट पाहा.