ब्रँडल विरुद्ध ब्रँडल, आणि लायल

लायल वांटा बायकोविरुद्धचा खटला हरला. न्यायाधीशबाईंनी तो कॉफी गार व्हायच्या आत निकाली काढला, आणि ज्या रोस्टर नावाच्या भांड्यावरून खटला होता ते जिथे होतं तिथेच राहिलं, म्हणजे लायलच्याच ओट्यावर. पण असं काही झालंच नाही, असं आपण धरून चालू. लायल तसंच धरून चालतो, आणि बीव्हर फोर्क काउंटीतली माणसं भली असल्यामुळे त्याच्या तोंडावर तीही तसंच धरून चालतात.

तर, काहीही झालेलं नव्हतं आणि ऑक्टोबर चालू होता. लायल घरोघरी मीठ पोचवायचा. खायचं नव्हे, पाणी हलकं करणाऱ्या सॉफ्टनर यंत्रात घालायचं. विस्कॉन्सिनच्या या भागात विहिरीचं पाणी इतकं जड की मिठाशिवाय साबणाला फेस येत नाही, त्यामुळे लायलचं सगळ्यांकडे जाणं-येणं असे. एक नवं गिऱ्हाईक गोण्या उतरवून घेताना जरा जास्तच गोड बोललं. लायलला संशय आला. घरी येऊन त्याने गिऱ्हाइकाचं नाव कोर्टाच्या साइटवर टाकलं, जिथे कुणाचेही खटले आणि दंड दिसतात. यात गैर काही नाही. भाडेकरू ठेवायचा असो, मुलीचा मित्र जेवायला येणार असो, नाहीतर टीव्हीवर मॅच नसो, इकडे लोक हेच करतात.

गिऱ्हाइकाच्या नावावर कुत्रं मोकळं सोडल्याचा दंड निघाला. लायलचं समाधान झालं. मग हात तिथेच होता म्हणून त्याने बायकोचं नाव टाकलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याला सुचलं नव्हतं, कारण तो मनाने चांगला होता. ते कारण त्या संध्याकाळी संपलं.

‘ब्रँडल विरुद्ध ब्रँडल. घटस्फोट.’

मार्नीचं आधी कर्ट ब्रँडलशी लग्न झालं होतं हे लायलला ठाऊक होतं. सगळ्या काउंटीला ठाऊक होतं. कर्ट रस्त्यात दिसला की हात करायचा, लायलही करायचा. ठाऊक नव्हती ती यादीची लांबी. लायल खाली खाली जात राहिला आणि यादी संपेना. हरकत दाखल. हरकतीला उत्तर. उत्तराला हरकत. सुनावणी पुढे ढकलली. प्रतिवादीस भरून आल्याने सुनावणी तहकूब.

ही शेवटची ओळ त्याने परत वाचली. मग स्वतःचं नाव टाकलं.

‘या नावाची नोंद सापडली नाही.’

तिच्यासाठी एक माणूस भर कोर्टात रडला होता. आणि लायलला गाडी जोरात चालवल्याच्या दंडाची साधी पावतीसुद्धा मिळवता आली नव्हती.

साइटवर फक्त काय काय झालं एवढंच दिसतं, कागद दिसत नाहीत. कागद बघायचे तर कोर्टात जाऊन खिडकीवर मागावे लागतात. लायल दुसऱ्या दिवशी गेला. खिडकीत डोरीन पेशेक होती, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा.

“माझ्याकडे अजून आहे मीठ,” ती मान वर न करता म्हणाली.

“मीठ नाही, डोरीन. फाईल बघायचीय. एका मित्राला हवी होती.”

“मित्राचं नाव नको मला. फाईलचा नंबर दे.”

लायलने चिठ्ठी सरकवली. डोरीनने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

“बघ राजा, ही फाईल सार्वजनिक आहे. कुणालाही बघता येते. कारण सांगावं लागत नाही, आणि मला विचारताही येत नाही.”

“बरं.”

“मग? काय झालं?”

“काही नाही.”

“मी विचारलेलं नाहीय हं,” डोरीन म्हणाली आणि बराच वेळ न विचारता त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तिने सांगितलं की जुन्या फायली इथे नसतात. जागा नाही. रस्तेवाल्यांच्या गोदामात ठेवतात, हिवाळ्यात रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या बाजूला. मंगळवारी गाडी येते.

लायल पायऱ्या उतरला तो दुखावला जाऊनच. निदान मिठावर तरी आपला हक्क आहे असं त्याला वाटत होतं. तिथेही कर्ट आधीच जाऊन बसला होता.

मंगळवारी फाईल ढकलगाडीवरून आली. तिचे तीन गठ्ठे होते, रबरबँड ताणून ताणून लावलेले. नियम साधे होते: समोरच्या टेबलावरच वाचायची, पेन वापरायचं नाही, टाचण्या काढायच्या नाहीत, उसासे टाकायचे नाहीत. शेवटचा नियम डोरीनने लायलचा पहिला उसासा ऐकून जागच्या जागी केला.

लायलच्या स्वतःच्या लग्नाचा या इमारतीत एकच कागद होता. खालच्या मजल्यावर, एक पान, आणि त्यातही अर्ध्यावर वेलबुट्टी.

कर्टने वकील केला नव्हता. सगळं स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरात लिहिलं होतं. ‘माझी पत्नी मला सोडू इच्छिते, यास माझी हरकत आहे.’ पुढे बर्फातल्या मासेमारीच्या खोपटावर हरकत होती, कॅनू होडीवर होती, कुत्रं बुधवारी कुणाकडे राहील यावर होती. आणि मग रोस्टर लागला. हा रोस्टर म्हणजे अख्खी टर्की मावेल असं विजेचं भांडं. दुसरा गठ्ठा बहुतेक त्याच्यावरच खर्ची पडला होता.

‘सदर रोस्टर आम्ही दोघांनी मिळून निवडला,’ कर्टने लिहिलं होतं. ‘ती म्हणाली हिरवा. मी म्हणालो हिरवा.’

लायल थांबला. त्याच्या ओट्यावरचा रोस्टर हिरवा होता. दर थँक्सगिव्हिंगला तो त्यात टर्की लावायचा, मॅचच्या दिवशी डुकराचं मांस शिजवायचा, मग आतून बाहेरून घासून, पुसून ठेवायचा. हिरवा का, असं त्याने कधी विचारलं नव्हतं. हिरवा हे उत्तर आहे, आणि प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारला गेला होता, हे त्याला आज कळत होतं.

मार्नीचं उत्तर त्याहून वाईट होतं. ‘रोस्टर माझा आहे. मी मेले तरी सोडणार नाही.’ ही मार्नी लायलला भेटलीच नव्हती. लायलच्या मार्नीला पडदे कुठले विचारलं की म्हणायची, तुला हवे ते. गाडी कुठली, तर चालणारी. इतक्या वर्षांत तिने लायलशी एका चमच्यावरूनही भांडण केलं नव्हतं.

आणि सगळ्यात शेवटी, तिसऱ्या गठ्ठ्याच्या तळाशी, एक तपकिरी लिफाफा होता. चिकटवलेला, वर शिक्का: न्यायालयाच्या आदेशाखेरीज उघडू नये.

“यात काय आहे?” लायलने विचारलं.

“ते बंद आहे,” डोरीन म्हणाली.

“बंद आहे ते दिसतंय. आत काय आहे?”

“आत जे आहे ते बंद आहे.”

“साधारण?”

“लायल, बहुतेक वेळा पगाराचे कागद असतात. बँकेचे नंबर.”

“बहुतेक वेळा,” लायल म्हणाला.

“बहुतेक वेळा,” डोरीन म्हणाली. तिथे तिने नुसतं ‘नेहमी’ म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

तेवढ्यात कर्ट ब्रँडल आत आला. बर्फ उचलायच्या दिवशी गाडी रस्त्यावर ठेवल्याचा मागच्या हिवाळ्यातला दंड त्याला आता भरायचा होता. त्याची नजर ढकलगाडीवर गेली आणि चेहरा उजळला.

“अरे, ही तर माझी!” खुर्ची ओढून तो लायलला खेटून बसला. “कुठवर आलास? दुसरा गठ्ठा घे, दोस्ता. पहिल्यात नुसती तोंडओळख आहे. हे बघ, इथे मी ‘अपरिमित’ लिहिलंय. लायब्ररीतून शोधून आणला होता शब्द.”

“छान आहे,” लायल म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हेच तर दुखत होतं.

“न्यायाधीशसुद्धा म्हणाले, मिस्टर ब्रँडल, पुरे.”

लायलने गठ्ठा बाजूला केला. “तुला अजून काही वाटतं का रे?”

“मार्नीबद्दल? छे रे बाबा.” कर्ट जरा घुटमळला. “रोस्टर कसा आहे?”

“बरा आहे.”

“झाकण बसतं?”

“डाव्या बाजूने दाबावं लागतं.”

“डाव्या बाजूने,” कर्ट म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लायलला ते सहन झालं नाही. झाकणाची ती खोड आपल्या एकट्याला माहीत आहे अशा समजुतीत तो इतकी वर्षं डावीकडून दाबत आला होता.

“लिफाफ्यात काय आहे?” त्याने विचारलं.

कर्टने लिफाफा उलटसुलट केला. “देवाशपथ, आठवत नाही.”

झाकण आठवणाऱ्या माणसाला लिफाफा आठवत नाही, हे लायलला पटण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी लायल आणि मार्नी नेहमीच्या बारमध्ये मासे खायला गेली. कर्टने बारला सांगितलं होतं, बारने पोरांच्या आयांना, आयांनी पोरांना आणि पोरांनी स्कूलबसला. मार्नी स्कूलबस चालवायची. तिने माशाचा तुकडा मोडला आणि आरशातून मागच्या बाकड्याकडे बघावं तसं लायलकडे बघितलं.

“तू माझी फाईल वाचलीस.”

“सार्वजनिक आहे ती.”

“पेट्रोल पंपावरचा संडासही सार्वजनिक आहे, लायल. तिथे कुणी खुर्ची ओढून बसत नाही.”

“कर्ट बसला.”

“कर्ट बसणारच.”

“त्याच्याशी तू एका भांड्यावरून दीड वर्षं भांडलीस.”

“कारण तो नालायक होता.”

“माझ्याशी कधी भांडलीस?”

“तू नालायक नाहीस.”

लायलला हे टोमण्यासारखं लागलं. त्याने कोबीची कोशिंबीर बाजूला सरकवली.

“ऐक,” मार्नी म्हणाली. “तुला पहिल्यांदा भेटायच्या आधी मी तुझं नाव टाकलं होतं. काहीच निघालं नाही. मला वाटलं साइट बंद पडली. परत टाकलं, तरी काही नाही. पोरं शाळेत सोडून झाली होती, रिकाम्या बसमध्ये बसून मी त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले. म्हटलं, इतकं सुंदर काही आपल्या वाट्याला येत नसतं.”

“म्हणजे मी कोरा.”

“म्हणजे तुझ्याजवळ झोप लागते, मूर्खा.”

एवढ्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. लायलने विचारलं, “आणि लिफाफा?”

“कुठला लिफाफा?”

“बंद केलेला.”

मार्नी हसली. “पगाराचे कागद असतील. आमच्याकडे काय होतं रे बंद करण्यासारखं?”

पण आधी हसली होती. उत्तर लायल विसरला, हसणं तेवढं घरी घेऊन गेला.

सोमवारी तो परत खिडकीवर उभा होता. लहान रकमेच्या दाव्यांचा अर्ज त्याने भरून आणला होता: वांटा विरुद्ध वांटा, हिरव्या रोस्टरचा ताबा मिळणेबाबत. डोरीनने शिक्का हवेतच धरला.

“का?”

“कारण सांगावं लागत नाही म्हणालीस ना.”

“ती बघायची खिडकी होती. आता तू भांडायच्या खिडकीवर आहेस. इथे लागतं.”

लायलने विचार केला आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘आम्ही दोघांनी मिळून अजून काहीही निवडलेलं नाही.’ डोरीनने वाचलं, चष्मा पुसला आणि शिक्का मारला, एरवी मारायची त्यापेक्षा जरा हळू.

आता जी सुनावणी झालीच नाही, ती अशी झाली.

“रोस्टर कुठे आहे?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“आमच्या घरी.”

“आणि तुम्ही राहता कुठे?”

“त्याच घरी.”

“वापरतं कोण?”

“मी,” लायल म्हणाला. “डाव्या बाजूने दाबून.”

बाईंनी कॉफीचा घोट घेतला. “मिसेस वांटा, तुमचं काय म्हणणं?”

मार्नी उभी राहिली. बसचं जाकीट अंगावर तसंच होतं, पोरं उतरवून ती सरळ इकडे आली होती. “माझी हरकत आहे,” ती म्हणाली, आणि आवाज असा की मागच्या रांगेतले दोघे सरळ बसले. “रोस्टर यालाच जाऊ दे, मला नको. पण हा माणूस माझा आहे. मी मेले तरी सोडणार नाही. हे लिहून घ्या.”

लायलला भरून आलं. त्याने लिहून घेणाऱ्याच्या टेबलाकडे बघितलं. टेबल रिकामं होतं. लहान दाव्यांत कुणी काही लिहून घेत नाही.

“दावा फेटाळला,” बाई म्हणाल्या. “घरी जा आणि जेवा.”

मार्नीने त्याला बसमधून घरी नेलं, पुढच्या बाकड्यावर बसवून. “आता तुझंही नाव निघेल साइटवर. झालं समाधान?”

नाव निघालं. ‘वांटा विरुद्ध वांटा. फेटाळला.’ एवढंच. हरकत कुठेच नव्हती. कर्टची रोस्टरवरची हरकत मिठाच्या बाजूला कायमची जपून ठेवली होती, आणि लायलसाठी जे बोललं गेलं ते हवेत बोललं गेलं होतं. मार्नी ओट्याशी उभी राहून त्याच रोस्टरमध्ये बटाटे टाकत होती आणि झाकण उजवीकडून दाबत होती.

“डावीकडून,” लायल म्हणाला.

“तू ये आणि दाब.”

तो उठला, त्याने झाकण दाबलं, आणि मग तिथेच ओट्यावर कागद पसरून लिहायला बसला. तो अर्ज डोरीनने स्वीकारला, शिक्का मारला आणि आजवर कुणाच्याही टेबलावर ठेवलेला नाही:

‘मा. न्यायालयास सविनय सादर. ब्रँडल विरुद्ध ब्रँडल या निकाली निघालेल्या प्रकरणात अर्जदार पक्षकार नाही, साक्षीदार नाही व त्या काळी त्याची संबंधितांशी ओळखही नव्हती, तरी सदर प्रकरणी त्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत. सबब विनंती की, मिसेस वांटा यांनी तोंडी नोंदवलेली हरकत त्यांच्याच शब्दांत अभिलेखावर घेण्यात यावी व तीवर किमान एकदा तरी सुनावणी पुढे ढकलण्यात यावी. सदर फायलीतील बंद लिफाफा अर्जदारास दाखवता येत नसेल, तर त्याच्याच शेजारी अर्जदाराच्या नावाचाही एक लिफाफा ठेवून तो न्यायालयाच्या शिक्क्याने कायमचा बंद करण्यात यावा. आत काही नसले तरी चालेल.’