फळीवरचा माणूस

मी बत्तीस वर्षं सुपीरियर सरोवरावरच्या मालवाहू जहाजांचे फोटो काढतोय. माझ्या फोटोत जहाज या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खं असतं आणि त्यात माणूस नसतो. माणसांच्या फोटोंसाठी लग्नं आहेत. डुलुथच्या धक्क्यावर माझी ही खोड सगळ्यांना ठाऊक. माझा भाचा रॉयस जहाजावर खलाशी, तो त्यावरून मला छळायचा.

"मामा, एकदा आमचंही थोबाड येऊ दे की. ते धूड काय आपोआप चालतं?"

"तुझं थोबाड आलं तर काच तडकेल," मी म्हणायचो.

नोव्हेंबरात तो मेला. त्याचं जहाज 'हेगस्ट्रॉम' धक्क्याला लागत होतं. जहाज टेकायच्या आधी एका खलाशाला फळीवर बसवून दोरीने धक्क्यावर सोडतात, म्हणजे तो खाली उतरून जहाजाचे दोर बांधतो. त्या दिवशी लाटा वाईट होत्या आणि जहाज अजून लांब होतं, तरी डेकवरच्या डकेट नावाच्या अधिकाऱ्याने हात खाली करून त्याला सोडायची खूण केली. दोरी सुटली. रॉयस धक्क्याच्या अलीकडे पाण्यात पडला, आणि मग सहाशे फुटांचं लोखंड येऊन धक्क्याला टेकलं. तो आवाज कसा होता ते मी कुणाला सांगत नाही.

डकेट हरामखोर. म्हणाला, "मी खूण केलीच नाही. पोरगा आपल्या मनाने उतरला." तीन आठवड्यांनी चौकशी होती. खलाशांनी तोंडं शिवून घेतली, आणि मामाची साक्ष कोण मानणार?

"मेला तो मेला, वर त्याला मूर्ख ठरवतायत," माझी बहीण आयली म्हणाली. तिचं अन्नपाणी सुटलं होतं.

"रडू नकोस. डकेटचा हात खाली आला तेव्हा माझा डोळा कॅमेऱ्यालाच होता. रीळ आज धुवायला पाठवतो."

हेच मी आदल्या दिवशी गुत्त्यातही बोललो होतो, माझ्या जिभेला हाड नाही. टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर डकेट उभाच होता.

"म्हाताऱ्या, रीळ दे."

"तुझ्या बापाचं आहे?"

त्याने पहिल्याच ठोशात माझा दात पाडला. मी खाली पडलो, तसा तो बरगड्यांवर लाथा घालायला लागला. मी त्याच्या पोटरीला चावलो, मांस तुटेपर्यंत चावलो. रीळ मुठीत होतं. त्याने मुठीवर बूट ठेवून सगळं वजन टाकलं. दोन बोटं मोडली, मूठ उघडली नाही. दुसऱ्या हातात खांद्याला अडकवलेली कॅमेऱ्याची तिपाई आली, ती मी त्याच्या गुडघ्यावर हाणली. हाड कडकन वाजलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. टपालवाली बर्फाचं फावडं उगारून बाहेर आली, तेव्हा तो लंगडत निघून गेला.

चौकशीच्या आदल्या दिवशी रीळ धुऊन स्लाइडचा डबा टपालाने आला. तो घेऊन मी आयलीकडे गेलो. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच वेलदोड्याचा पाव भाजला होता. मी एकेक स्लाइड दिव्यासमोर धरत गेलो. सोळावीत जहाज धक्क्यापासून लांब, अख्खं. सतरावीत, दचकून खटका दाबला गेला तेव्हाचं, जहाज टेकलेलं, कडेला वाकून बघणारी माणसं. मधे काहीच नव्हतं.

मग मला आठवलं. बोट खटक्यावर होतं, डकेटचा हात खाली येताना दिसत होता, आणि माझ्या मनात आलं होतं की हा फळीवरचा उतरू दे, मग चित्र स्वच्छ येईल.

"हात कुठाय?" आयलीने विचारलं.

मी खरं ते सांगितलं.

"म्हणजे माझा पोरगा मधे येत होता?"

तिने चुलीजवळचं लाकूड उचललं आणि माझ्या बांधलेल्या बरगड्यांवर घातलं. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मी हात वर केला नाही. चौथ्यांदा तिच्याने उचलवेना. मग ती खाली बसली, सतरावी स्लाइड दिव्यासमोर धरली आणि त्या वाकलेल्या माणसांत रॉयसला शोधू लागली.