कामाचं स्वरूप

डॉक्टरबाईंनी धाकट्याच्या मानेवरची गाठ दोन बोटांनी पुन्हा चाचपली आणि टेबलावरचा छापील कागद पुढे ओढला. लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचं त्यांनी मघाशीच सांगितलं होतं. उपचारही नीट समजावले होते.

"काम काय करता?"

"लोखंडी कपाटांना रंग मारतो. फवाऱ्याने. झाली चौदा वर्षं. दादा तिथे मुकादम आहे."

"बंद खोलीत?"

"खिडकी आहे ना. पण वारा आला की ओल्या रंगावर धूळ बसते, म्हणून लावून घेतो."

शेजारी बसलेल्या दादाने मान खाली घातली. खिडकी लावायचा हुकूम त्याचाच. धाकट्याला कारखान्यात चिकटवणाराही तोच. 'याला तुझ्या हाताखाली घे, माणसात येईल,' आई म्हणाली होती.

"हे थिनरच्या वाफेनेच झालं का?" दादाला राहवेना. "हो की नाही, एवढंच सांगा."

"एका माणसाबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. काही कामांत धोका थोडा जास्त असावा असं काही अभ्यासांत दिसतं, काहींत दिसत नाही. म्हणून तर विचारून ठेवायचं." बाईंनी पेन उचललं. "मास्क मिळायचे?"

दर महिन्याला वहीत 'मास्क दिले' असं लिहून खाली सही ठोकणारा हात दादाने मांडीखाली दाबून धरला.

"मिळायचे की," धाकटा चटकन म्हणाला. "नवेकोरे. मलाच जीव गुदमरल्यासारखं व्हायचं. लावतच नव्हतो. चूक माझीच."

बाई लिहू लागल्या. टेबलाखालून धाकट्याने दादाचा पाय दाबला. लहानपणीही दादाने फोडलेल्या काचेचा मार तो असाच हसत अंगावर घ्यायचा. पण तेव्हा त्याचे गाल भरलेले होते.

"थांबा." स्वतःचाच आवाज दादाला परका वाटला. "मास्क नव्हते. एकही नाही. वहीतली सही माझी आहे, ती खोटी आहे."

"दादा, गप बस ना! नोकरीवर धोंडा पाडून घेशील."

"पडू दे."

बाईंनी लिहिलेली ओळ शांतपणे खोडली. धाकटा भिंतीकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते, पण रागाने की आणखी कशाने, ते दादाला कळेना.

"त्या खोलीत अजून किती जण आहेत?" बाईंनी विचारलं.

"सहा."

पेन कागदावर टेकलं.

"नाही, सात," दादा म्हणाला. "मीही दिवसभर तिथेच उभा असतो."

बाईंनी खणातून दुसरा कागद काढला.

"तुमचं वय?"