पेत्रोनिलाचं मत

कातालिनो दारापर्यंत आला, पण आत येईना. कुबड्या भिंतीला टेकवून तो उंबऱ्यावरच बसला आणि टोपी तोंडावर ओढून रडू लागला. पेत्रोनिला मक्याच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. पहाटेच रेडिओवर बातमी आली होती. क्रांतीनंतर सत्तेवर आलेली आघाडी निवडणूक हरली होती.

दहा-अकरा वर्षांपूर्वी आघाडीनं हुकूमशहाला पळवून लावलं, त्या लढाईत एस्तेली शहरातल्या याच गल्लीत तिचा नवरा लिओन्सिओ गोळी लागून पडला. त्याला ओढून आणताना त्याच्यासोबत लढणाऱ्या कातालिनोचा पाय गेला. पुढे आघाडीनं तिला हे घर दिलं. पत्र्याचं का होईना, पण स्वतःचं. परवाच्या सभेत लाल-काळा रुमाल गळ्यात बांधून ती व्यासपीठावर चढली होती आणि मत आघाडीलाच द्या म्हणून सांगून आली होती.

तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. पण सभेनंतर शेजारच्या पोराची शवपेटी आली, डोंगरात आघाडीविरुद्धच्या बंडखोरांशी चाललेल्या लढाईतून. पेटी उघडायची परवानगी नव्हती. तिच्या मुलाला, नोएलला, येत्या महिन्यात सतरावं लागणार होतं. मग त्यालाही सैन्यभरतीत ओढून नेणार. निवडणुकीत आघाडीसमोर उभे असलेले लोक सक्तीची भरती बंद करू म्हणत होते. मतदानाच्या पडद्याआड हात आपसूक तिकडे गेला, असं तिला म्हणता आलं असतं. पण तसं नव्हतं. तिनं नीट विचार करून फुली मारली होती.

तिनं कॉफी आणून दिली. कातालिनोनं डोळे पुसले.

"आपल्या गल्लीतूनसुद्धा त्यांना मतं गेलीत, वहिनी. एकेकाचं तोंड बघत आलो. म्हटलं, तुमच्या दारात तरी टेकावं."

मग तो बेकरीवाल्या फिलोमेनावर घसरला. तिचा भाऊ क्रांती होताच अमेरिकेत मायामीला पळालेला, ती पहिल्यापासून त्यांच्यातलीच, आज चार लोकांत तिला जाब विचारतो, असं काहीबाही बोलत राहिला. पेत्रोनिला गप्प बसली असती, तर जन्मभर कोणाला काही कळलं नसतं.

"फिलोमेनाला काही बोलू नका, भावजी," ती म्हणाली. "मी दिलंय त्यांना मत."

कातालिनोनं ओठाशी नेलेला कप खाली घेतला.

"लिओन्सिओ असता, तर त्याला काय सांगितलं असतंत?"

"हेच सांगितलं असतं. मग त्याच्याकडे बघवलं नसतं."

आत नोएल अजून झोपला होता. खाटेबाहेर त्याचे लांबलचक पाय आले होते. कातालिनोनं त्या पायांकडे पाहिलं, उरलेली कॉफी पिऊन कप खाली ठेवला आणि कुबड्या उचलून निघून गेला. फिलोमेनाच्या बेकरीकडे तो वळला नाही.

पुढे भरती थांबली. नोएल ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. घरात हसू-बोलू लागला की पेत्रोनिलाला बरं वाटे, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटे.

जुलैत क्रांतीच्या दिवशी सगळे नेहमीसारखे दफनभूमीत जमले. दरवर्षी ती लिओन्सिओच्या थडग्याशी सगळ्यांत पुढे असायची. या वेळी फुलं दुसऱ्या बाईच्या हाती देऊन ती पार मागे, भिंतीपाशी थांबली. कातालिनोनं मान वळवून तिला शोधलं. कुबडी बगलेत सरकवून घेत त्यानं शेजारी एका माणसापुरती जागा केली.

प्रार्थना संपेपर्यंत ती जागा मोकळीच राहिली.