बॉनेटखालची पिवळी ओळ

मित्रांनो, बोलावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. माझं ऐकून कोणाला काय मिळणार, असंही वाटलं. मी एक जुना, तुटलेला टायमिंग पट्टा आहे. वडवणीजवळच्या एका गावात बायकांची दूध संस्था होती. तिच्या डिझेल जीपमध्ये मी जवळजवळ सहा वर्षं फिरलो.

माझं अंग रबराचं, आत दोऱ्यांचे पीळ आणि पोटाकडे दात. माझी जागा इंजिनाच्या पुढे, झाकणाआड. पिस्टन वर येण्याआधी व्हॉल्व्ह बाजूला झालेले असावेत, एवढा ताळमेळ राखणं हे माझं काम. तो चुकला की दोघांची टक्कर ठरलेली. शेजारी, झाकणाबाहेर, फॅनचा पट्टा होता. तो जरा सैल पडला की किंचाळायचा. मला किंचाळता येत नाही.

हे जीपची दुरुस्ती करणाऱ्या सटवा मिस्त्रींना ठाऊक होतं. मला बसवल्यावर त्यांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला पिवळ्या रंगानं लिहिलं : ‘टायमिंग पट्टा – ८० हजार किंवा पाच वर्षं.’ मग ड्रायव्हर बिभीषणला म्हणाले, “ह्यो तुटायच्या आधी आवाज देत न्हाई बे. आकडाच बगायचा. जे आदी भरंल ते.”

“ध्यानात हाय, मामा,” बिभीषण म्हणाला.

माझं कौतुक कधी झालं नाही. एकदा मात्र संस्थेच्या चेअरमन सारजाबाई बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, “आमची जीप लई इमानी.” त्यातला थोडा वाटा माझा असावा, असं मी मनात धरून बसलो. चुकलंही असेल माझं.

मग २०१२चा दुष्काळ आला. प्यायला पाणी नाही, तर जीप कोण धुणार? बॉनेटखाली तेल आणि धुळीचा थर साचला. दुधाच्या खेपा संपल्या की जीप चारा छावणीवर जायची आणि रांगेत तासन् तास चालू उभी राहायची, कारण बंद केली तर बॅटरी पुन्हा उठत नव्हती. ते तास मीटरवर येत नसत. मी मात्र फिरतच असे. झाकणाच्या फटीतून धूळ आत येई. दातांच्या मुळाशी मला बारीक चिरा जाणवू लागल्या.

बिभीषण बेफिकीर नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. मला बसवल्यापासून मीटरवर ऐंशी हजार किलोमीटर भरले त्याच दिवशी त्यानं बॉनेट उघडलं. पण पहिला शब्द थराखाली गेला होता. त्यानं मोठ्यानं वाचलं, “पट्टा, ऐंशी हजार.” सटवा मिस्त्री लेकीकडे गेले होते, म्हणून तो रस्त्यावरच्या दुसऱ्या गॅरेजात गेला.

“पट्टा बदलायचाय.”

“ह्यो कोकलतोय त्योच ना?” तिथल्या मिस्त्रीनं विचारलं.

“त्योच असंल की.”

मी पान्याची वाट पाहत होतो. माझ्या झाकणाला कोणी हातसुद्धा लावला नाही. फॅनचा पट्टा नवा आला. बिभीषणनं पिवळ्या ओळीपुढं खडूनं बरोबरची खूण केली आणि बॉनेट पाडलं. त्या खुणेनं मला हिशेबातून काढून टाकलं.

सारजाबाईंनी दोनदा विचारलं, “पट्टा बदललास का रं?”

“बदलला, आक्का. खूनबी केलीया.”

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच मला जास्त लागलं.

पुढच्या एप्रिलमध्ये, दुधाच्या कॅना घेऊन चढ चढताना मी तुटलो. पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले. जीप जागीच बसली आणि चाळीस घरांचं दूध उन्हात नासलं. छावणीतल्या जनावरांचं ते दूध, त्या वर्षी घरात येणारा पैसा तेवढ्याचाच. बिभीषणनं टायरला लाथ मारली. “दगा दिला की बे ह्या जीपनं!”

जीप ओढत सटवा मिस्त्रींकडे आणली. त्यांनी मला बाहेर ओढलं आणि सगळ्यांना दाखवलं.

“पट्टा तर बदललाता!” बिभीषण म्हणाला.

मिस्त्रींनी डिझेलचा बोळा बॉनेटच्या आत फिरवला. धुळीतून पिवळा शब्द वर आला : टायमिंग.

“कशाफुडं खून केलीस रं बाबा?” सारजाबाईंनी हळूच विचारलं.

बिभीषणनं त्या शब्दावरून बोट फिरवलं. संस्थेच्या सभासद बायनाबाई मात्र गप्प राहणाऱ्या नव्हत्या. “कोकलनाऱ्याला नवं आनलं, आन मुक्याला दगाबाज म्हना आता!”

माझ्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य. ते ऐकायला मला तुटावं लागलं.

दूध आटत गेलं होतं. दुरुस्तीला पैसा नव्हता, म्हणून जीप पुन्हा चालू झाली नाही. ती ऑफिसामागे उभी आहे आणि बिभीषणची ड्रायव्हरकी गेली आहे. आता तो सायकलवर दोन कॅना नेतो. त्या कॅना बांधायला त्यानं मला घेतलं.

मित्रांनो, जो ओरडतो त्याच्याकडे लक्ष द्याच. पण खूण करण्याआधी झाकण उघडून पाहा. आत एखादा गप्प बसणारा वाट पाहत असेल. मी फार उशिरा सांगतोय, हे मला कळतं.

बिभीषण आता रोज सकाळी मला अंगठ्यानं दाबून पाहतो. काल त्याला माझ्यावरची एक चीर दिसली. तिच्यावरून नख फिरवून तो स्वतःशीच म्हणाला, “ह्यो बदलाया पायजे आता.”

जीपमध्ये असताना मी याच वाक्याची वाट पाहत होतो.