ज्या वॉर्डात साबण कधी संपत नव्हता

"तुमचा तो डबाच सांगतोय ना, जंतू एकच आहे म्हणून? मग संपलं! उद्यापासून या बाईला आत सोडायचं नाही!"

हे मोठे डॉक्टर ओरडले. डबा म्हणजे मी. आणि बाई म्हणजे साबणमावशी, नवजात बाळांच्या वॉर्डातली. माझं नाव पुढे करून तिला हाकलत होते. मी जे बोललोच नाही ते माझ्या तोंडी घालून! मला खरंच तोंड असतं ना, तिथंच सुनावलं असतं. नाही, म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगतो. मध्ये बोलू नका.

मी आहे जंतू वाचणारा डबा. जुना, कोपरे झिजलेला, स्टेपलरएवढा. जंतू दाखवणारा नाही हं, ते काम सूक्ष्मदर्शकाचं. मी वाचतो. प्रत्येक जंतूच्या आत एक लांबच लांब धागा असतो, त्यावर त्याची सगळी कुंडली लिहिलेली. अक्षरं फक्त चार, पण लाखो वेळा उलटसुलट. माझ्या पोटात एक चिप बसते. तिला इतकी बारीक भोकं असतात, की तुमचा केस त्यांच्यापुढे झाडाचा बुंधा. त्या भोकातून धागा सरकतो, वीज थरथरते, आणि त्या थरथरीवरून अक्षरं कळतात.

याचा उपयोग काय, असं विचाराल. तुमच्या वर्गात सगळ्यांनी एकाच्या वहीतून गणितं उतरवली, तर मास्तरांना कळतं की नाही? कळतं. कारण चुकापण तशाच उतरतात. जंतूंचंही तसंच. एकाचे दोन होताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या सगळ्यांत जाते. कोण कुणाच्या घरातला, ते मी चुकांवरून सांगतो. साधी तपासणी फक्त आडनाव सांगते. आडनावावरून घर सापडतं का कधी?

मी आलो तेव्हा काय कौतुक! मोठ्या डॉक्टरांनी मला तळहातावर धरून फोटो काढला. फोटोत ते हसतायत, मी अर्धा कापला गेलोय. मग शेजारच्या खोलीत कपाटाएवढी नवी मशीन आली आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये, चिकटपट्टी आणि सुकलेल्या पेनांच्या शेजारी. एकदा ऑफिसातल्या क्लार्कनं मला उचललं, कागदांवर ठेवलं आणि दाणकन दाबलं. "हे स्टेपलर खराब झालंय," म्हणाला. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

तेवढ्यात बाळांना ताप यायला लागला. एक झालं, दुसरं झालं, मग तिसरं. तिघांच्याही रक्तात एकाच आडनावाचा जंतू. तिसरं बाळ तर इतकं गळून गेलं की रडायचंही थांबलं. कपाटाएवढ्या मशीनचा थाट असा, की पोटभर नमुने जमल्याशिवाय ती चालू व्हायची नाही. गाडी भरल्याशिवाय न सोडणाऱ्या ड्रायव्हरसारखी. लॅबमधल्या चष्मेवाल्या ताईनं मग ड्रॉवर उघडला, फुंकर मारली आणि म्हणाली, "चल रे डब्या. चिप जुनी आहे, पण तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

निम्मी भोकं बंद पडली होती माझी. उरलेल्यांवर वाचलं. हौस म्हणून नाही, तिकडे बाळं तापानं फणफणत होती.

वॉर्डातल्या सगळ्यांचे हात तपासले. सगळ्यांसमोर, एका रांगेत. तो जंतू सापडला फक्त साबणमावशीच्या हातावर. मी वाचलं आणि सांगितलं, तीन बाळांचे आणि मावशीचे जंतू जवळजवळ सारखे. मोठ्या डॉक्टरांनी त्यातलं 'जवळजवळ' गाळलं आणि आरडाओरडा सुरू केला. म्हणजे आपण जिथून सुरुवात केली तिथं आलो.

तिला साबणमावशी का म्हणायचे, ठाऊक आहे? बाळाला हात लावण्याआधी कोपरापर्यंत धुणार, लावून झाल्यावर परत धुणार. सिस्टर चिडवायच्या, "मावशी, हातावरच्या रेषा पुसून जातील हो!"

"जाऊ देत. माझ्या नशिबात दुपटी धुणं आहे, ते रेषा न बघताही कळतं मला."

तीच मावशी त्या दिवशी लॅबच्या दारात उभी होती. हात पाठीमागे लपवलेले. जणू ते हात तिचे नव्हतेच.

"ताई, खरं सांग गं. माझ्या हातानं झालं का हे?"

"मावशी, मला अजून माहीत नाही."

"मला माहीत आहे!" मोठे डॉक्टर म्हणाले.

"नाही सर." ताई हटली नाही. "डब्यानं 'जवळजवळ सारखे' म्हटलंय. 'हिनं दिले' असं नाही म्हटलेलं. मला सांगा, मावशी असं काय करतात जे बाकीचे एवढं करत नाहीत?"

डॉक्टरांच्या मागे उभ्या असलेल्या सिस्टर पटकन बोलून गेल्या, "हात धुतात."

ताई उठली आणि थेट वॉर्डातल्या बेसिनपाशी गेली. पातळ साबणाची बाटली उचलून तिनं उजेडात धरली.

"ही रिकामी कधी होते, सिस्टर?"

"रिकामी? आमच्या वॉर्डात साबण कधी संपतच नाही!" सिस्टरना त्याचा केवढा अभिमान! "अर्धी झाली की वरून ओततो, जास्त दिवस पुरावा म्हणून थोडं पाणी घालतो."

"आणि धुता कधी?"

"साबणाची बाटली कोण धुतं गं? आत साबणच असतो की!"

ऐकलंत? जी गोष्ट मिरवत होते, घोळ तिथंच होता. वरून नवा साबण, तळाला तोच जुना. पाणी घालून घालून इतका पातळ, की त्यात हा जंतू आरामात घर करून राहिला, पोरंबाळं वाढवली.

ताईनं बाटलीतले थेंब घेतले, मावशीच्या हातावरचे आणखी जंतू घेतले, आणि आलं सगळं माझ्याकडे. आणखी भोकं मेली. पण मी थांबलो नाही. मी जिद्दीला पेटलो होतो, माझ्या नावावर खोटं खपवलं होतं ना!

निघालं ते ऐका. तिन्ही बाळांच्या जंतूंत प्रत्येकी एक, अशा तीन वेगवेगळ्या चुका. मावशीच्या हातावरच्या सगळ्यांत एकच चूक, आणि ती एकाही बाळात नाही! तिनं दिला असता तर तिची चूक बाळांत उतरली असती. आणि बाटलीत? बाटलीत चारही चुका. तिघांच्याही आणि मावशीचीपण. म्हणजे सगळ्यांनी उतरवलं ते त्या बाटलीतून. बाळांपर्यंत तो गेला त्याच साबणानं धुतलेल्या कुणाकुणाच्या हातांवरून. मावशीला तर सगळ्यात जास्त मिळालं, कारण ती सगळ्यात जास्त धूत होती.

बाटल्या फेकल्या. सीलबंद साबण आला. संपली की बाटली जाणार, वरून ओतायचं नाही. नवा ताप थांबला. दोन बाळं घरी गेली. तिसरं काचेच्या पेटीत बरेच दिवस होतं, आणि मग एका सकाळी असं भोकाड पसरलं की सिस्टर नाचायच्या बाकी राहिल्या.

मावशीला निरोप गेला, कामावर या. ती आली, पण वॉर्डाच्या दारातच उभी राहिली.

"हात सगळ्यांसमोर बघितले होते ना माझे? मग चुकलो हेही सगळ्यांसमोर म्हणा."

मोठ्या डॉक्टरांनी ताईच्या हातातल्या माझ्याकडे बघितलं. जणू मी वाचवणार! मला जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

"चुकलं माझं," ते खाली बघून पुटपुटले.

"ते बुटांना सांगितलंत. मला सांगा."

सिस्टर तोंडावर हात धरून हसल्या. डॉक्टरांनी मान वर केली. "मावशी, चुकलं माझं." या वेळी नीट ऐकू आलं. मावशी सरळ बेसिनकडे गेली, नव्या बाटलीचं सील आहे का ते तपासलं, आणि कोपरापर्यंत हात धुतले. पाठीमागे लपवले नाहीत.

तर मित्रांनो, तुमच्या बेसिनवरची बाटली आज संपू द्या. खुशाल संपू द्या. आणि माझी काळजी घ्यायची असेल तर धूळ नंतर पुसा. आधी मी जे सांगतो ते शेवटपर्यंत वाचा, मधला शब्द गाळू नका. त्या एका शब्दापायी एका बाईला स्वतःच्या हातांची भीती वाटली होती. आणि तो क्लार्क, त्याला तर मी...

थांबा, ताईनं पिशवीची चेन उघडली. दुसऱ्या एका दवाखान्यात लोक आजारी पडतायत, आणि तिथल्यांनी म्हणे आधीच ठरवून टाकलंय दोष कुणाचा ते. मला निघायला पाहिजे.