बिनशिवणीचा वाडगा

दोघी बहिणींनी कामाची वाटणी फार पूर्वीच करून टाकली होती. हात धाकटीचे, तोंड थोरलीचं. धाकटी घरामागच्या खोलीत चाकावर शोभेचे वाडगे, सुरया, पसरट थाळ्या घडवायची आणि थोरली आठवडी बाजारात टेबल मांडून त्या विकायची. गिऱ्हाईक समोर आलं की धाकटीच्या तोंडाला कुलूप लागे. थोरलीला बोलायला गिऱ्हाईकच लागतं असंही नव्हतं.

त्या दिवशी धाकटी नवीन माल घेऊन बाजारात आली होती, म्हणूनच तो वाडगा तिच्या हातात आला. जाड चष्म्याच्या एक बाई टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी सांभाळत टेबलाशी आल्या. आतून निळा वाडगा निघाला. याला जोडीदार हवा, त्या म्हणाल्या, खिडकीत एकटा बरा दिसत नाही. आणि काम तुमचंच आहे हे बघताक्षणी कळलं.

"आमचंच," थोरली म्हणाली. "असं दुसरं कोण करतंय?"

धाकटीने वाडगा हातात घेतला. काठ तिचाच होता. तीन जागी आत दाबलेला, त्यामुळे वरून पानासारखा दिसणारा. पोटाचा फुगवटा तिचा, खाली निमुळतं होत जाणंही तिचंच. पण हाताला तो जड लागला. तिने आतून बोट फिरवलं आणि बोट थबकलं. चाकावर भांडं वर ओढताना बोटांच्या बारीक गोल रेघा आत राहतातच. तिच्या प्रत्येक वाडग्यात असत. हा आतून पाटीसारखा गुळगुळीत. मग तिने तो पालथा केला. तळाच्या मधोमध अंगठ्याएवढा खळगा होता. ती स्वतः प्रत्येक वाडग्याला करायची अगदी तसा.

"हा मी केलेला नाही," ती म्हणाली.

थोरलीचा पारा चढायला एवढं पुरे होतं. ही चोरी आहे, दिवसाढवळ्या दरोडा आहे, बहिणीने रात्रंदिवस माती तुडवायची आणि कुणीतरी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं, हे ती खपवून घेणार नाही, वगैरे तिने त्या बाईंनाच ऐकवलं. बाई बिचाऱ्या गोंधळल्या. वाडगा फुलवाल्याच्या दुकानातून घेतला एवढं सांगून, जोडीचं काय ते कळवा म्हणून त्या वाडगा तिथेच ठेवून गेल्या.

धाकटीला मात्र राग येईना. तिने तो आणायचा प्रयत्न करून पाहिला, पण मध्येच दुसरंच काही आड येई. काठ बघून काठ उचलता येतो, हे समजण्यासारखं होतं. पण वाडगा पालथा करून कोण बघतं? आणि चाक लावलं नसेल तर हे पोट इतकं सारखं आलं कसं? संध्याकाळी ती जेवताना वाडगा समोर ठेवून बसली. तिचं लक्ष घासाकडे नाही हे बघून थोरली म्हणाली, की घरात चोराच्या वस्तूचं एवढं कौतुक तिने पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघी फुलवाल्याकडे गेल्या. तो देठ छाटत होता. त्याने कात्री न थांबवता सांगितलं, की वाडगे पुलाखालचे टेलरमास्तर आणून देतात. टेलर? थोरलीने दोनदा विचारलं. टेलरच, तो म्हणाला, पँट आखूड करायला टाकली होती, तेव्हा ओळख झाली.

पुलापर्यंतच्या वाटेवर थोरलीने आपलं भाषण तयार केलं. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं ठरलं.

मास्तरांचं दुकान अरुंद होतं. एका बाजूला अर्धवट शिवलेले कोट टांगलेले, दुसऱ्या बाजूला कापायचं लांब टेबल, आणि इस्त्रीची उबट ओलसर वाफ सगळीकडे. मास्तर सडपातळ, गळ्यात टेप, कानावर खडू. मागे मशीनवर त्यांची बायको बटणं लावत बसली होती. थोरलीने टॉवेल सोडून वाडगा टेबलावर ठेवला आणि भाषणासाठी श्वास घेतला.

मास्तरांनी वाडग्याकडे पाहिलं, मग धाकटीच्या हातांकडे. नखांत माती होती. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग एकदम उजळला. त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"तुम्हीच का त्या? बसा. जे बोलायचं ते नंतर बोला, मी ऐकून घेईन. आधी एकच सांगा. शिवण कुठे लपवलीत?"

थोरलीचा श्वास तसाच राहिला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मास्तरांच्या बायकोकडे धाकटीने केलेला एक वाडगा होता; लेकीने भेट दिलेला. त्यात ती बटणं ठेवायची. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली असताना मास्तरांच्या कोपराने वाडगा खाली आला आणि त्याचे तुकडे झाले. बायको यायच्या आत तसाच दुसरा करून ठेवावा, म्हणजे बोलणी खावी लागणार नाहीत, असा त्यांचा साधा बेत. तुकडे कागदावर ठेवून त्यांनी मापं घेतली, बाही बेततात तसा वाडगा बेतला, आणि मातीची पोळी लाटून कागदाबरहुकूम कापली. भाजायला मेहुण्याकडे दिलं, तो फरश्यांच्या कारखान्यात भट्टीवर होता.

"आणि माझ्या भावाच्या तोंडात तीळ भिजत नाही," मागून बायको म्हणाली. "पहिला वाडगा भट्टीत फुटला तेव्हाच मला तिकडे कळलं होतं. मी म्हटलं, चालू दे. तेवढाच माणूस कामाला लागलाय."

ती परत आली, वाडगा फुटल्याचं कबूल झालं, रागावणं झालं, तरी मास्तर काही थांबेनात. कारण त्यांना शिवण सापडली नव्हती. कापडाचा असो की मातीचा, सपाट तुकडा फुगवायचा तर कुठेतरी चिमटा घेऊन टक घालावा लागतो, आणि टक घातला की शिवण येते. त्यांनी धाकटीच्या वाडग्याचा एकेक तुकडा भिंग लावून तपासला होता. तळाचा खळगा दिसल्यावर त्यांना वाटलं, सापडली! सगळे टक इथे येऊन मिळत असणार आणि ही जागा अंगठ्याने दाबून बुजवली असणार. म्हणून त्यांनीही तसंच केलं. तरी त्यांच्या वाडग्याला शिवणी राहिल्याच, घासून घासून गुळगुळीत कराव्या लागल्या.

"चाकावर केला असेल असं वाटलं नाही?" धाकटीने विचारलं.

"वाटलं ना. पण चाकावरचं भांडं गोल होतं. तुमचं गोल कुठे आहे?"

धाकटीला हसू आलं. "मी आधी गोल करते," ती म्हणाली, "आणि मग बिघडवते. ओला असतानाच तीन बाजूंनी आत दाबते."

वाडग्याच्या काठावरून मास्तरांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "आणि खळगा?"

"तो माती कितपत सुकली ते बघायला. अंगठा किती रुततो त्यावरून कळतं. दुसरं काही नाही."

हे ऐकून मास्तरांची बायको इतकी हसली की मशीन थांबवावं लागलं. कितीतरी रविवार हा माणूस त्या खळग्याचं कोडं सोडवत बसला होता, ती म्हणाली, आणि निघालं काय, तर भात शिजला का म्हणून शीत चेपून बघतात, तसलं.

आता धाकटीला त्यांची रीत बघायची होती. मास्तरांनी टेबल मोकळं केलं, खालून ओल्या फडक्यातला मातीचा गोळा काढला, लाटला, कागद ठेवला आणि खडूऐवजी काडीने आखून कापला. मग ते टक मिटायला लागले. सपाट माती त्यांच्या बोटांखाली उभी राहिली, वाकली, पोट धरू लागली. धाकटी स्टुलावरून कधी उठली आणि टेबलावर ओणवी झाली, तिचं तिलाच कळलं नाही. चाक नाही, फिरणं नाही, तरी भांडं. आणि गोल असायची सक्तीही नाही. होडीसारखं लांब, चौकोनी, एका बाजूला झुकलेलं, कागद कापता येईल तसं.

थोरलीने एकदा घसा खाकरून मूळ मुद्दा काढला. हे सगळं ठीक आहे, पण वाडगे विकले गेले त्याचं काय? मास्तर ओशाळले. कपाट भरलं, घर माझं की वाडग्यांचं असं बायकोने विचारलं, म्हणून ते फुलवाल्याकडे दिले, ते म्हणाले. आजच परत आणतो. धाकटीने नको म्हटलं. आहेत ते राहू देत, चष्मेवाल्या बाईंना जोडही तुम्हीच करून द्या, कारण तो तुमच्याच वाडग्याचा जोड आहे. फक्त यापुढे माझा आकार पुरे, तुमचं काहीतरी करा.

"माझं?" मास्तर म्हणाले. "मी जन्मभर दुसऱ्याच्या मापाचंच केलंय." हे त्यांनी कुरकुरत म्हटलं नाही, नुसतं सांगितलं. पण त्यानंतर बराच वेळ ते टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

रविवारी दोघं नवराबायको धाकटीच्या खोलीत आली. मास्तर चाकावर बसले आणि पहिल्याच फेरीत माती सुटून भिंतीला जाऊन चिकटली. बायकोला मात्र हात लावल्या लावल्या जमलं. ओबडधोबड का होईना, एक वाटी उभी राहिली. यात काय एवढं, असं तिने नवऱ्याला विचारलं, आणि मास्तर भिंतीवरची माती खरवडायला लागले.

इकडे धाकटी टक घालायला शिकत होती आणि तिचे वाडगे तडकत होते. शिवण मिटायची, नीट दिसायची, आणि सुकताना उकलायची. फडताळाची एक फळी अशा उकललेल्या भांड्यांनी भरली. थोरली म्हणाली, की चांगलं चाललेलं चाक सोडून हे विकतचं श्राद्ध कशाला. तरी मास्तरांनी केलेली पहिली होडीसारखी परडी बाजारात तिनेच मांडली आणि तिच्याबद्दल ती धाकटीच्या मालापेक्षा जास्त बोलली.

शेवटी धाकटी एक उकललेला वाडगा घेऊन पुलाखाली गेली, बरोबर थोरलीही. मास्तरांनी तो उजेडात धरला आणि माती कुठल्या बाजूने लाटली होती ते विचारलं. तिला आठवेना. कापडाला उभा धागा असतो, आडवा असतो, ते म्हणाले. आडव्यात टक घातला तर कापड ओढ घेतं. मातीचंही तसंच असेल का, हे त्यांना बरेच दिवस वाटत होतं, पण खात्री नव्हती.

"मातीला कसला धागा?" थोरली म्हणाली.

"नसेलही," मास्तर म्हणाले.

"बघूया ना," धाकटी म्हणाली.

त्यांनी एकाच गोळ्यातून एक पोळी लाटली, सगळी एकाच दिशेने. त्यातून एक वाडगा उभा बेतला, एक आडवा. दोन्ही धाकटीच्या खोलीत एकाच फळीवर, वाऱ्यापासून लांब ठेवले. मास्तर दुकान बंद करून रोज चक्कर टाकत. मग बायकोही येऊ लागली. थोरलीला यात काडीचा रस नव्हता, पण सकाळी सगळ्यात आधी फळीपाशी तीच दिसायची.

दोन्ही तडकले. आडवा शिवणीवर तडकला. उभ्याची शिवण शाबूत होती, तो तडकला तळाशी, जिथे तडकायचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"म्हणजे काय झालं?" थोरलीने विचारलं. "धागा आहे की नाही?"

मास्तरांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने वाडगा पालथा करून तळाची चीर नखाने चाचपली. मग तिने मातीच्या पिंपावरचं ओलं फडकं काढलं आणि मास्तरांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.